झाडाखालचा पाऊस

मागच्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी, घरात आगोटीची लाकडे आणि सुकी मासळी भरण्याची घाई चालू असताना, आमच्या ओटीवर एक लाकडाचा व्यापारी येऊन बसला. रोह्यापासून थोड्या अंतरावर, डोंगराच्या पायथ्याला आमची वडिलोपार्जित वरकस जमीन आहे. वरच्या अंगाला ऐन, किंजळ, जांभूळ आणि मरहूम दादाजींनी लावलेले दोन रायवळ आंबे. खालच्या अंगाला चार भातखाचरे. सातबाऱ्यावर नावे नऊ. त्यांतले दोघे कुवेतला, एक बहीण मुंब्र्याला, बाकीचे इकडेतिकडे. व्यापाऱ्याने उभ्या झाडांचा एकगठ्ठा भाव सांगितला आणि वर एक प्रश्न टाकला, "चाचा, नुसती उभी आहेत. तुम्हाला देतात काय?"

प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. जांभळे वानर खातात. आंबा एक वर्षाआड येतो आणि तोही उतरवायला माणूस मिळत नाही. त्याच रात्री कुवेतहून भाईजानचा फोन आला. त्यांचेही म्हणणे तेच होते : पडून राहण्यापेक्षा चार पैसे येतील, नऊ वाटे होतील, प्रकरण मिटेल.

खाचरे कसणाऱ्या शेजारच्या काकांना ही गोष्ट कळली तेव्हा ते एवढेच म्हणाले, "झाडं तुमची, तुम्ही बघा. पण वरच्या पहिल्या खाचराला खत नेहमी कमी लागतं. त्याला झाडाचं पाणी मिळतं."

झाडाचे पाणी? पाऊस तर आभाळातून पडतो. तो झाडावर पडला काय आणि मोकळ्यावर पडला काय, पाणी ते पाणीच. आम्हाला असेच वाटत होते. पण काकांचे बोलणे डोक्यातून जाईना. व्यापाऱ्याला आम्ही पावसाळ्यानंतर या म्हणून सांगितले आणि घरातल्या मुलांना हाताशी धरून एक साधा प्रयोग केला.

तीन भांडी

पहिला टोप मोकळ्या अंगणात ठेवला, आजूबाजूला छप्पर किंवा फांदी नाही अशा जागी. दुसरा परसातल्या आंब्याच्या घेराखाली, पण बुंध्यापासून दूर. तिसऱ्यासाठी थोडी खटपट करावी लागली. सायकलची जुनी ट्यूब धुऊन, उभी चिरून आंब्याच्या बुंध्याभोवती तिरकी गुंडाळली, फटी मेणाने बुजवल्या आणि तिचे खालचे टोक एका डब्यात सोडले. म्हणजे फांद्यांवरून वाहत येऊन बुंध्यावरून उतरणारे पाणी डब्यात जमा व्हावे. मग पावसाची वाट पाहिली.

मृगाच्या पहिल्या चांगल्या सरीनंतर तिन्ही ठिकाणचे पाणी काचेच्या तीन सारख्या बाटल्यांत भरून ओटीवरच्या कठड्यावर मांडले. काही सांगायची गरजच उरली नाही. अंगणातले पाणी जवळजवळ स्वच्छ होते. आंब्याखालचे फिकट पिवळसर. बुंध्यावरून आलेले तर कोऱ्या चहासारखे तांबूस-काळसर. धाकट्या मुलीने वास घेऊन नाक मुरडले. चार दिवस बाटल्या तशाच ठेवल्या. पहिली होती तशीच राहिली. तिसरीच्या तळाशी बुळबुळीत साय धरली आणि झाकण उघडले तर कुबट वास आला. त्या पाण्यात कुणाचे तरी अन्न होते आणि खाणारेही तिथे पोहोचले होते.

जुलैच्या मध्यावर, आठवडाभर संततधार लागल्यावर, आम्ही पुन्हा बाटल्या भरल्या. या वेळी रंग बराच फिका होता, पण फरक पूर्ण गेला नव्हता. आठ महिन्यांची साचलेली धूळ पहिल्या सरींनी धुतली असणार. मग जुलैत पाण्याला रंग कशाचा? उत्तर शोधायला पुस्तके आणि शास्त्रज्ञांचे लेख चाळावे लागले. जे सापडले ते वाचकांसमोर ठेवतो.

पानावरून येताना पाणी काय घेऊन येते?

झाडावर पडलेल्या पावसाच्या तीन वाटा होतात. काही पाणी पानांवर आणि सालीवर अडकून तिथूनच वाफ होऊन जाते. बरेचसे पानांवरून, डहाळ्यांवरून निथळून खाली ठिबकते. आणि थोडे, बहुतेक झाडांत शेकडा पाचाच्या आतच, फांद्यांवरून बुंध्याकडे धाव घेते आणि मुळाशी उतरते. वाटा थोडा असला तरी हे बुंध्याचे पाणी सर्वांत दाट असते, कारण ते सालीला घासत सर्वांत लांबचा प्रवास करून येते.

या प्रवासात त्याला तीन प्रकारची शिदोरी मिळते.

पहिली हवेतून आलेली. झाड म्हणजे उभा केलेला एक मोठा फणीसारखा पडदाच. वारा त्यातून जातो तेव्हा धूळ, परागकण, धुराचे कण पानांना चिकटून राहतात. रेवदंड्याकडून, जिथे आपली कुंडलिका समुद्राला मिळते, खारा वारा आत येतो आणि त्यातले मिठाचे बारीक कणही पानांवर बसतात. पाऊस आला की हे सगळे धुऊन खाली येते. हवेत असते ते झाड गाळते, चांगले असो वा वाईट. जर्मनीतल्या सॉलिंगच्या डोंगरात 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून बर्नहार्ड उलरिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडाखालचे पाणी वर्षानुवर्षे मोजले. मोकळ्या जागेतल्या पावसापेक्षा बीचच्या झाडाखाली गंधक जास्त सापडले आणि बारमाही हिरव्या स्प्रूसखाली त्याहूनही जास्त. कारखान्यांचा धूर झाडे कशी गोळा करतात आणि त्याने जंगलाच्या मातीचे काय होते, हे युरोपला अशा मोजणीतूनच उमगले. आम्लवर्षेची चर्चा तिथे तापली त्यामागे हे एक मोठे कारण होते.

दुसरी शिदोरी पानाच्या स्वतःच्या आतली. पान म्हणजे मेणकापडाची बंद पिशवी नव्हे. पावसात भिजत राहिले की त्यातून काही द्रव्ये बाहेर झिरपतात. यात सर्वांत पुढे असतो पालाश, म्हणजे शेतीच्या दुकानात आपण नत्र-स्फुरद-पालाश म्हणतो त्यातला तिसरा. पालाश पानाच्या घडणीत घट्ट बांधलेला नसतो, पानातल्या रसात मोकळा विरघळलेला असतो. म्हणून तो सहज निथळतो. त्याच्या मागून मॅग्नेशियम आणि थोडे कॅल्शियम येते. साखरेसारखी आणि टॅनिनसारखी सेंद्रिय द्रव्येही येतात. चहाची पाने पाण्यात टाकल्यावर होते, तेच इथे थंड पाण्यात सावकाश होत असते. आमच्या जुलैच्या बाटलीतला रंग तो हाच. नत्राचे मात्र उलटेही घडते : जिथे नत्राची टंचाई असते तिथे पाने आणि त्यांवरचे सूक्ष्म जीव पावसातले नत्र वरच्या वर शोषून घेतात.

तिसरी शिदोरी झाडावर राहणाऱ्यांची. सुरवंटांची लीद, पक्ष्यांची विष्ठा, मव्याचा चिकट गोड पाझर, मेलेले किडे, सालीवरचे दगडफूल, शेवाळ आणि पावसाळ्यात फांद्यांच्या बेचक्यांत हिरवेगार होणारे बाशिंग. आपल्याला झाड दिसते एक. पण पावसाला वाटेत भेटते ती अख्खी वस्ती.

पान गळण्याआधीच

झाडापासून जमिनीला खत मिळते ते पाने गळून, कुजून, एवढे आपण शाळेत शिकलेलो असतो. कोकणात त्याला पातेरा म्हणतात आणि तो गोळा करून आळ्यात घालण्याची रीत जुनीच आहे. पण पान झाडावर असतानाच पावसाळाभर जमिनीला देत असते, हे आमच्या ध्यानात कधी आले नव्हते.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात हबर्ड ब्रूक नावाचे जंगल आहे. 1963 पासून तिथे जंगलात येणाऱ्या आणि जंगलातून जाणाऱ्या पाण्याचा हिशेब ठेवला जातो. तिथल्या शास्त्रज्ञांनी झाडांखालचे पाणी मोजले तेव्हा असे दिसले की पालाशाच्या बाबतीत गळून पडणाऱ्या पानांपेक्षा पावसाबरोबर निथळून येणारा वाटा मोठा आहे.

पुढे त्याच देशातल्या जॉर्जिया राज्यात, सव्हाना शहराजवळच्या स्किडवे बेटावर जॉन व्हॅन स्टॅन आणि ॲरन स्टबिन्स यांनी ओक आणि सिडारच्या झाडांखालचे पाणी तपासले. फांद्यांवर वाढणाऱ्या, पण झाडाचा रस न पिणाऱ्या वनस्पतींनी ही झाडे लगडलेली होती. त्यांचा भर पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्यावर होता. 2018 मध्ये त्यांनी या द्रव्याला 'ट्री-डॉम' असे एक सुटसुटीत नावच देऊन टाकले. मोकळ्या पावसात लिटरमागे साधारण एक-दोन मिलिग्रॅम सेंद्रिय कार्बन असतो. झाडाखाली तो कित्येक पटींनी वाढतो आणि बुंध्यावरच्या पाण्यात त्याहूनही चढतो. शिवाय हे द्रव्य सूक्ष्म जीवांना फार आवडते. चार-सहा दिवसांतच ते त्याचा मोठा भाग फस्त करतात. आमच्या तिसऱ्या बाटलीत साय धरली त्याचे कारण हेच. कुजायला महिने लावणारे पान म्हणजे सावकाश शिजणारा हलीम. पानावरून निथळणारे पाणी म्हणजे इफ्तारीचे सरबत. दोन्ही लागतात, पण मातीतल्या जीवांना पहिली तरतरी सरबताने येते.

या विषयात भारतीय वंशाचे एक नावही आदराने घेतले जाते : नलिनी नाडकर्णी. त्यांचे वडील भारतातून अमेरिकेत गेलेले. नलिनीताई दोरांवरून उंच झाडांच्या शेंड्यापर्यंत चढून तिथे अभ्यास करतात. वॉशिंग्टन राज्यातल्या पावसाळी जंगलात मेपलच्या फांद्यांवर शेवाळाचे जाड थर असतात. ते उचलून पाहिले तर खाली माती तयार झालेली आणि त्या मातीत मुळे! कुणाची? त्या मेपलचीच. जमिनीपासून कितीतरी वर, आपल्याच फांदीतून मूळ फोडून झाड तिथले अन्न-पाणी पीत होते. 1981 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यांनी हे जगासमोर मांडले. वरून जाणाऱ्या पावसात खाण्याजोगे काही नसते तर झाडाने फांदीवर मुळे धाडण्याची तसदी घेतली असती का?

फणसाडमध्ये

हे सगळे वाचल्यावर आपल्या भागातले दाट रान या नजरेने पाहावे असे वाटले. रोहा आणि मुरूडच्या मध्ये फणसाडचे अभयारण्य आहे. एके काळी हे जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचे शिकारीचे राखीव रान. शिकारीसाठी का होईना, राखले म्हणून टिकले. 1986 मध्ये ते अभयारण्य झाले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, परतीचा पाऊस अजून रेंगाळत असताना, आम्ही मुलांना घेऊन सुपेगावच्या बाजूने तिथे गेलो.

सर येऊन गेली होती. वाटेवर, जिथे वर मोकळे आभाळ होते, तिथे पाऊस केव्हाच थांबलेला. पण रानात शिरलो तर आत अजून पाऊस चालू होता. ऐन, अंजनी, जांभूळ, हिरडा सगळे टपटप निथळत होते. गारंबीचा मांडीएवढा वेल एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेला आणि त्याच्या वळशांवरून पाण्याची बारीक धार खाली लागलेली. पायाखाली पातेऱ्याचा थर इतका की पाऊल रुतत होते. एवढ्या पावसातही पाणी कुठे धावताना दिसत नव्हते. थेंब पडला की मुरत होता. वर कुठेतरी शेकरूचा कर्कश आवाज येत होता.

या रानात पाण्याच्या नैसर्गिक जागांना 'गाण' म्हणतात. अभयारण्याला फणसाड हे नाव अशाच एका गाणीवरून पडले. उन्हाळ्यात सगळे प्राणी तिथे पाण्यावर येतात. आम्ही एका गाणीच्या काठावर उभे राहिलो. पाणी किंचित तांबूस, आमच्या दुसऱ्या बाटलीसारखे. एरवी आम्ही त्याला गढूळ म्हणून मोकळे झालो असतो. आता कळत होते की तो गाळ नव्हे, पानांचा अर्क आहे. त्यावर सूक्ष्म जीव जगतात, त्यांच्यावर पाण्यातले किडे, किड्यांवर बेडूक आणि मासे. डोंगरातला प्रत्येक ओढा हीच शिदोरी घेऊन खाली गावाकडे येतो.

राब आणि रहाट

आपल्या जुन्या शेतकऱ्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. त्यांची भाषा वेगळी होती. रोहा, पेण, माणगाव भागात भाताचे रोप, म्हणजे आवण, काढण्याआधी जमीन भाजण्याची पद्धत आहे. ऐन-किंजळाच्या फांद्या छाटून त्यांची कवळे रोपाच्या वाफ्यावर पसरायची, वर शेण, पातेरा, माती टाकून मे महिन्यात पेटवायचे. हाच राब. आमच्या वरकसावरच्या ऐनांच्या बुंध्यांवर गाठी आहेत, त्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या छाटणीच्या. इंग्रज सरकारने जंगले राखीव करून ही छाटणी रोखू पाहिली तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत इतका असंतोष माजला की 1885 मध्ये चौकशीसाठी मुंबई फॉरेस्ट कमिशन नेमावे लागले. त्यात राबाचा प्रश्न मोठा होता. कुलाबा जिल्हा म्हणजे आताचा आपला रायगड.

राबाच्या राखेतून रोपाला जो पालाश मिळतो, तो ऐनाच्या पानांतलाच. शेतकरी तो विस्तवाने काढतो. पाऊस तोच पाण्याने काढतो आणि कुणाला न विचारता खाली पोहोचवतो.

आता काकांच्या पहिल्या खाचराचा हिशेब मांडून पाहू. आमच्या परसातल्या आंब्याचा घेर साधारण आठ मीटर रुंद आहे, म्हणजे त्याच्याखाली सुमारे पन्नास चौरस मीटर जागा. रोह्याला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तीन हजारच धरू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर पाणी. म्हणजे या एका झाडावर वर्षाला दीड लाख लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाफ होऊन गेला असे समजले तरी एक लाख वीस हजार लिटर खाली येते. हिशेबापुरते लिटरमागे दहा मिलिग्रॅम सेंद्रिय कार्बन धरला तर झाले सव्वा किलोच्या आसपास. सेंद्रिय द्रव्यात कार्बन साधारण निम्मा, म्हणून द्रव्य अडीच किलोच्या जवळपास. पालाश लिटरमागे दोन मिलिग्रॅम धरला तर पाव किलोच्या घरात. हे आकडे आम्ही मोजलेले नाहीत, अंदाज यावा म्हणून घेतले आहेत.

वाचक म्हणतील, एवढ्यासाठी एवढा खटाटोप? खताची एक गोणी आणली की काम झाले. खरे आहे. आणि आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी : पानांतून निथळणारा पालाश झाडाने जमिनीतूनच घेतलेला असतो. हवेतून गाळलेला वाटा सोडला तर यात नवे फारसे काही नाही. घेतले तेच परत दिले.

पण गोम नेमकी तिथेच आहे. आपल्या डोंगरउताराच्या जमिनीवर चार महिने पाऊस कोसळतो. जमिनीतले जे विरघळते ते पाण्याबरोबर खोल जाते, भाताच्या वीतभर मुळांच्या आवाक्याबाहेर. ऐनाची आणि आंब्याची मुळे तिथपर्यंत पोहोचतात, ते वर उचलतात, पानांत नेतात आणि पावसाबरोबर पुन्हा वरच्या थरात सोडतात. अलिबाग-मुरूडच्या सुपारीच्या वाड्यांत पूर्वी रहाट चालत. रहाट पाणी निर्माण करत नाही. खोल गेलेले पाणी फक्त वर आणतो. पण रहाट थांबला की विहीर भरलेली असूनही वाडी सुकते. झाड हा जमिनीचा रहाट आहे. तोडलेल्या झाडाचे लाकूड एकदाच विकले जाते. थांबलेला रहाट पुढे दर पावसाळ्यात जाणवत राहतो.

काही सावधगिरी

झाडाखालचे पाणी झाडांसाठी चांगले म्हणून ते आपणही प्यावे असे नाही. घराच्या कौलांवर किंवा गच्चीवर फांद्या झुकल्या असतील आणि तुम्ही पागोळ्यांचे पाणी साठवत असाल, तर पावसाळ्याच्या सुरुवातीच्या काही सरींचे पाणी टाकीत घेऊ नका, आळ्यांना सोडा. त्यात आठ महिन्यांची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा असते. नंतरचे पाणीही गाळून, उकळूनच प्यायला घ्या. आमची दादी झाडाखाली बादली भरली तर ती हंड्यात ओतू देत नसे. "हे अळवाला घाल" म्हणे. दादी शाळेत गेली नव्हती, पण चुकत नव्हती.

मस्जिदीच्या हौदावर झाड असेल तर पाण्याला पानांचा रंग येतो आणि दर पावसाळ्यात कुणीतरी विचारतेच, याने वुजू होतो का? कोकणात आपण बहुतेक शाफई. शाफई फिकहच्या किताबांत पाण्याच्या प्रकरणात याचा विचार झालेला आहे. आपोआप गळणारी पाने, शेवाळ, माती यांच्यापासून पाणी वाचवणे कठीण. म्हणून त्यांच्यामुळे बदललेले पाणी पाकच राहते आणि त्याने वुजू होतो. झाडाखालच्या पाण्याचा रंग बदलतो हे त्या फुकहांनी शेकडो वर्षांपूर्वी पाहिले होते, एवढेच आम्हाला सांगायचे आहे. हौद कसा ठेवायचा, याविषयी आपल्या इमामसाहेबांना विचारावे.

सगळ्या झाडांचे पाणी सारखे नसते, हेही लक्षात असू द्या. निलगिरीच्या पानांवरून निथळणाऱ्या धुक्याच्या पाण्याने खालचे गवत खुरटते असे कॅलिफोर्नियात 1960 च्या दशकात दिसून आले. आणि नुसत्या छत्राने भागत नाही. सागाच्या मोठ्या पानांवर पाणी गोळा होऊन टपोरे थेंब पडतात. सात-आठ मीटरवरून पडणारा थेंब जवळजवळ पूर्ण वेगाने जमिनीवर आदळतो. खाली पातेरा आणि झुडपे असतील तर तो मार बसत नाही. उन्हाळ्यात वणवा लावून जमीन चाटूनपुसून साफ केलेली असेल तर झाड असूनही माती वाहून जाते. म्हणून झाड राखायचे तर त्याच्या पायाशी पडलेलेही राखायचे.

पुढे काय केले

दिवाळीच्या सुमारास व्यापारी पुन्हा आला. त्याआधी आम्ही नऊच्या नऊ वाटेकऱ्यांना तिन्ही बाटल्यांचा फोटो पाठवला होता आणि फोनवर वरचा सगळा हिशेब सांगितला होता. सगळे लगेच पटले असे नाही. मुंब्र्याच्या बहिणीला मुलीच्या शिक्षणासाठी खरेच पैसे हवे होते. तिची अडचण झाडांच्या गोष्टी सांगून मिटणारी नव्हती. शेवटी असे ठरले : आधीच वाळलेली झाडे, तीही महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियम 1964 खाली रीतसर परवानगी काढूनच विकायची आणि ते पैसे सगळ्यांच्या राजीखुशीने बहिणीकडे जायचे. आपल्या रानातही ऐन, किंजळ, आंबा, जांभूळ अशी झाडे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, हे अनेक घरांत ठाऊकच नसते. उरलेली झाडे राहतील. राबासाठी छाटायचे तर शेंडा सोडून, आळीपाळीने.

व्यापारी हसला. "चाचा, पुढच्या वर्षी विचारतो," म्हणाला. विचारील. भाव वाढलेला असेल आणि नऊ वाटेकऱ्यांत पुन्हा कुणाला तरी गरज असेल. प्रश्न कायमचा सुटलेला नाही. पण "उभी झाडे देतात काय?" या प्रश्नाला आता आमच्याकडे उत्तर आहे.

तुमच्याही परसात, वाडीत किंवा इमारतीच्या आवारात एखादे झाड असेल. येत्या मृगाला तीन भांडी ठेवा, मुलांना सोबत घ्या आणि तीन बाटल्या खिडकीत मांडा. मोजायला यंत्र लागत नाही, डोळे पुरतात. आमच्या ओटीवरच्या बाटल्या अजून तिथेच आहेत. भाईजान रजेवर येणार आहेत, त्यांनी सांगितले आहे : फेकू नका, मला बघायच्या आहेत.